नावाचा रकाना

अमेरिकेच्या १८६०च्या जनगणनेत माणसांसाठी दोन वेगळे तक्ते होते. एक स्वतंत्र माणसांचा. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धंदा, जन्माचं राज्य. दुसरा गुलामांचा. त्यात डावीकडे मालकाचं नाव आणि त्याच्यापुढे ओळीने वय, लिंग, रंग. रंगासाठी एक अक्षर पुरायचं: काळा असेल तर ‘बी’, मिश्र असेल तर ‘एम’. पळून गेलेले किती, मुक्त केलेले किती, आंधळे-बहिरे कोण, गुलामांची घरं किती, हे सगळं विचारलं होतं. नाव विचारलं नव्हतं. त्या वर्षी तिथे सुमारे ३९ लाख ५० हजार माणसं गुलामीत होती. तुरळक अपवाद सोडले तर ती सगळी या कागदांवर ‘३४, स्त्री, बी’ अशी आहेत.

दहा वर्षांनी, १८७० मध्ये, यादवी युद्ध संपून गुलामी रद्द झाल्यावरच्या पहिल्या जनगणनेत ही माणसं एकदम नाव-आडनावासह उगवतात. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांचा इतिहास शोधणारे लोक या वर्षाला भिंत म्हणतात. आजपासून मागे मागे जात १८७० पर्यंत पोचता येतं. त्याच्या मागे जायचं तर आपल्या पणजोबांचं नाव शोधून उपयोग नाही, त्यांच्या मालकाचं नाव शोधावं लागतं. त्याचं मृत्युपत्र, त्याची खरेदीखतं, त्याच्या मालमत्तेची यादी. बैल, नांगर, चांदीचे चमचे आणि त्यांच्या मधल्या ओळीत कुठेतरी आपली पणजी.

बरं, १८७०चा कागदही काही सोन्याचा नाही. घरातल्या माणसांची एकमेकांशी नाती काय, हा प्रश्न जनगणनेत पहिल्यांदा आला १८८० साली. त्यामुळे १८७० मध्ये एका घरात चाळिशीची बाई आणि बारा वर्षांची मुलगी दिसली, तर ती आई-लेक आहेत हा आपला अंदाज. मुक्त झालेल्यांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असेल असंही नाही. कुणी आधीच्या मालकाचं घेतलं, कुणी स्वतःला आवडलेलं. आणि १८९०च्या जनगणनेचे बहुतेक कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीला लागलेल्या आगीत खराब झाले. १९२१ हे साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं रोजचं काम डेटाबेसमधले दुहेरी ग्राहक शोधण्याचं आहे. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की दोन वेगळ्या माणसांच्या, हे ठरवायचं. त्यामुळे वंशावळीच्या पुस्तकांकडे मी थोडा धंदेवाईक नजरेने बघतो: या लेखकाने ही नोंद त्या नोंदीला कशावरून जोडली? या प्रश्नाला दोन गाजलेली पुस्तकं अगदी उलट उत्तरं देतात. एक ॲलेक्स हेलीचं ‘रूट्स’, १९७६ सालचं. दुसरं इतिहासकार टाया माइल्स यांचं ‘ऑल दॅट शी कॅरिड’, २०२१ सालचं. दोन्ही पुस्तकं भिंतीपलीकडच्या माणसांबद्दल आहेत. पहिलं भिंत ओलांडल्याची घोषणा करतं. दुसरं भिंतीला हात लावून उभं राहतं आणि विटा मोजतं.

‘रूट्स’ची गोष्ट बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. टेनेसी राज्यातल्या हेनिंग गावात आजीच्या घराच्या ओसरीवर म्हाताऱ्या बायका घराण्याची कहाणी सांगत. आपला मूळ पुरुष ‘किंटे’ नावाचा आफ्रिकन. तो गिटारला ‘को’ म्हणायचा, नदीला ‘कांबी बोलोंगो’. त्याला गलबतातून आणलं, त्याचं नाव टोबी ठेवलं, पळून जायचा म्हणून त्याचा अर्धा पाय तोडला. त्याची मुलगी किझी, तिचा मुलगा चिकन जॉर्ज, त्याचा मुलगा लोहार टॉम. या तीनचार शब्दांच्या आधाराने हेली गांबियातल्या जुफुरे गावी पोचला. तिथे घराण्यांचा इतिहास तोंडपाठ असणाऱ्या एका म्हाताऱ्याने, म्हणजे तिकडच्या ग्रिओने, कुंटा किंटे लाकूड तोडायला गेला आणि परतलाच नाही असं सांगितलं. मग जहाजांच्या नोंदींत ‘लॉर्ड लिगोनियर’ हे गलबत सापडलं. ते १७६७च्या सप्टेंबरात मेरीलँडमधल्या अनापोलिस बंदरात लागलं होतं. व्हर्जिनियात १७६८चं एक खत सापडलं, त्यात टोबी नावाचा गुलाम एका वॉलरकडून दुसऱ्या वॉलरकडे गेला होता. झाली साखळी पूर्ण.

जानेवारी १९७७ मध्ये यावरची मालिका एबीसी वाहिनीवर सलग आठ रात्री दाखवली गेली आणि देश घरात बसून राहिला. हेलीला त्याच वर्षी विशेष पुलित्झर मिळालं.

मग साखळीची एकेक कडी निसटायला लागली. १९७७ मध्येच लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये मार्क ऑटवे या पत्रकाराने लिहिलं की जुफुरेतला तो म्हातारा परंपरेने ग्रिओ नव्हताच, आणि हेलीला काय हवं आहे याची कुणकुण त्याला आधीच लागलेली होती. हे वाचताना माझ्यासारख्याला एकच शब्द आठवतो: डेटा लीकेज. उत्तरपत्रिका आधीच वर्गात फिरली असेल तर शंभर टक्के मार्कांना अर्थ उरत नाही. हेलीने कहाणी गांबियातल्या लोकांना सांगितली, ती फिरत फिरत गावात पोचली आणि पुरावा म्हणून त्याच्याच कानांवर परत आली.

पुढचा धक्का जास्त मोठा होता, कारण तो कागदांतून आला. १९८१ मध्ये गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स या अभ्यासक जोडप्याने व्हर्जिनियाच्या इतिहास नियतकालिकात हेलीच्या नोंदी तपासून दाखवल्या. त्यांना जे दिसलं ते असं: वॉलर कुटुंबातला टोबी १७६२ पासूनच त्यांच्याकडे होता, म्हणजे ते गलबत यायच्या पाच वर्षं आधीपासून. आणि १७८२च्या करयादीत तो नाही, म्हणजे बहुधा त्याआधीच वारलेला. पुस्तकात त्याची मुलगी किझी जन्मते १७९० मध्ये. नाव जुळलं, आडनाव जुळलं, तारीख साधारण जुळली, म्हणून हेलीने दोन नोंदी एक केल्या. आमच्या भाषेत हा ‘फॉल्स मॅच’. आमच्याकडे अशाने कुणाचं तरी बिल दुसऱ्याच्या घरी जातं. इथे एका जमातीला एक आजोबा मिळाला.

याशिवाय हॅरॉल्ड कुरलँडर या लेखकाने आपल्या ‘द आफ्रिकन’ या १९६७च्या कादंबरीतून मजकूर उचलल्याचा दावा लावला. १९७८ मध्ये ते प्रकरण साडेसहा लाख डॉलर्सवर मिटलं. त्यावर मला फार बोलायचं नाही. उचलेगिरी ही वाईट गोष्ट आहे, पण तिचा वंशावळीच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही.

हेलीच्या बाजूने नेहमी म्हटलं जातं की ती कादंबरी आहे, पुराव्याचं काय घेऊन बसलात. तो स्वतः ‘फॅक्शन’ असा शब्द वापरायचा, फॅक्ट आणि फिक्शनचं मिश्रण. हा बचाव मला पटत नाही. पुस्तकाचे शेवटचे अध्याय पुन्हा वाचा. तिथे हेली ‘मी’ म्हणून येतो, अभिलेखागारात बसतो, मायक्रोफिल्म फिरवतो, जहाजांच्या याद्या चाळतो. त्या अध्यायांचं काम एकच आहे: आधीची शेकडो पानं खरी होती असं वाचकाला सांगणं. ज्याला कादंबरीची मोकळीक हवी त्याने शेवटी पावती फाडायची नसते.

आणि एक गंमत बघा. कुंटाने अर्ध्याहून अधिक पुस्तक व्यापलं आहे. चिकन जॉर्जपासून पुढे, म्हणजे ऐन एकोणिसाव्या शतकात, पुस्तक घाईला येतं. युद्धानंतर टॉम लोहार आणि त्याची माणसं गाड्या भरून हेनिंगला येतात तो भाग तर धावतच संपतो. पण कागदोपत्री सगळ्यात भक्कम तोच भाग आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या अलामान्स काउंटीच्या १८७०च्या जनगणनेत लोहार टॉम मरी आणि त्याची बायको हेलीला दिसतात तो प्रसंग त्याने शेवटी सांगितला आहे. आजीच्या तोंडून ऐकलेली नावं सरकारी अक्षरात. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात थरारक जागा ती आहे आणि तिला मोजून थोडी जागा मिळाली आहे. हेलीला राजपुत्रासारखा मूळ पुरुष हवा होता. स्वतःची भट्टी उभी करणारा लोहार त्याला पुरला नाही.

तरीही हे पुस्तक बाजूला सारून चालणार नाही. १९७७ मध्येच वॉशिंग्टनमध्ये आफ्रो-अमेरिकन वंशेतिहासाची पहिली राष्ट्रीय संस्था निघाली. अभिलेखागारांच्या खिडक्यांवर आपल्या आजीचं नाव विचारणाऱ्यांच्या रांगा लागल्या. चुकीच्या नकाशाने लोकांना घराबाहेर काढलं, आणि बाहेर पडल्यावर त्यांनी खऱ्या वाटा शोधल्या. त्यातली एक वाट मला भलतीच आवडते. युद्ध संपताना, १८६५ मध्ये, मुक्त झालेल्यांसाठी ‘फ्रीडमन्स बँक’ नावाची बचत बँक निघाली. खातं उघडताना सहीच्या वहीत नाव, वय, आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं, भावंडं आणि बऱ्याचदा आधीचा मालक नि मळा विचारत. आजच्या केवायसीसारखंच. खातेदाराला लिहिता येत नसेल तर ओळख पटवायला दुसरं काय होतं? सरकारने जे कधी विचारलं नाही ते बँकेने पैशाच्या काळजीपोटी विचारलं. १८७४ मध्ये बँक बुडाली, लोकांच्या ठेवी गेल्या, वह्या राहिल्या. पुढे युटा राज्यातल्या तुरुंगातल्या कैद्यांनी अकरा वर्षं बसून त्या वह्यांतली सुमारे ४ लाख ८० हजार नावं अनुक्रमे लावली आणि २००१ मध्ये ती सीडीवर आली. बुडालेल्या बँकेच्या वह्या, त्या वाचणारे कैदी. हेलीने कल्पनेने यापेक्षा काय जास्त रंगवलं असतं?

आता दुसरं पुस्तक. त्याच्या मध्यभागी एक जुनी सुती पिशवी आहे, धान्याची असते तशी, ठिगळं लावलेली. २००७ मध्ये टेनेसीत नॅशव्हिलजवळच्या जुन्या बाजारात ती एका बाईला किरकोळ किमतीत मिळाली. पिशवीवर दहा ओळी भरतकाम केलेल्या आहेत. रूथ मिडलटन नावाच्या बाईने १९२१ मध्ये त्या भरल्या. ती सांगते: तिची पणजी रोझ. रोझची मुलगी ॲशली नऊ वर्षांची असताना साउथ कॅरोलिनात विकली गेली, तेव्हा रोझने तिला ही पिशवी दिली. आत एक फाटका झगा, तीन मुठी पीकन आणि रोझच्या केसांची एक वेणी. वर मायेचे दोन शब्द. त्या दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

सरकारी जनगणना जळाली त्याच वर्षी एक बाई सुई-दोऱ्याने स्वतःची नोंद करत होती. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो विसरता येत नाही.

माइल्सच्या आधी मार्क ऑस्लँडर या मानववंशशास्त्रज्ञाने या पिशवीचा माग काढला होता. माइल्सही त्याच वाटेने जातात आणि जाताना प्रत्येक पायरी दाखवतात. साउथ कॅरोलिनातल्या मालमत्तांच्या याद्यांमध्ये रोझ नावाच्या गुलाम बायका ढिगाने आहेत. एकट्या ‘रोझ’ला जोडून काहीच सिद्ध होत नाही. ॲशली हे नाव मात्र गुलाम मुलीसाठी फारच दुर्मीळ. दोन्ही नावं एकाच मालकाच्या कागदांत कुठे येतात? चार्ल्सटनचा श्रीमंत रॉबर्ट मार्टिन १८५२ मध्ये वारला, त्याच्या मालमत्तेत. १९६९ मध्ये फेलेगी आणि संटर या दोघांनी नोंदी जोडण्याचं जे गणित मांडलं, ज्यावर आमचा धंदा अजून चालतो, त्याचं सार हेच आहे: नेहमीचं नाव जुळलं तर थोडे गुण, दुर्मीळ नाव जुळलं तर भरपूर गुण. माइल्स ते गणित मांडत नाहीत, पण विचार तोच करतात. आणि एवढं करूनही त्या म्हणतात की ही ओळख संभाव्य आहे. हेलीने याच्या निम्म्या पुराव्यावर वाजंत्री लावली असती.

पुढे कागद संपतात आणि वस्तू उरतात. माइल्स एकेका वस्तूकडे वळतात: झगा, केस, पीकन. पीकनचं झाड मूळचं टेक्सास आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, चार्ल्सटनच्या किनाऱ्यावरचं नव्हे. मग एका गुलाम बाईच्या हाती तीन मुठी पीकन आले कसे? ती स्वयंपाकघरात असेल का? मालकांसाठी आणलेल्यातले तिने बाजूला काढले असतील का? जाता जाता सांगतो, पीकनची कलमं यशस्वीपणे बांधून त्याची व्यापारी लागवड ज्याने शक्य केली, तो लुइझियानातल्या एका मळ्यावरचा गुलाम माळी होता. त्याचं अँत्वान एवढंच नाव उरलं आहे. आडनाव नाही.

इथेच माझी तक्रारही आहे. माइल्सची वाक्यं ‘कदाचित’, ‘असू शकेल’, ‘तिला वाटलं असेल का’ यांवर इतकी तोलून उभी असतात की शंभरेक पानांनंतर त्या शब्दांचं वजन जातं. सायदिया हार्टमन यांनी २००८ मध्ये जी कल्पना मांडली, अभिलेखात गप्प असलेल्यांबद्दल लिहिताना अंदाजाचा जबाबदारीने वापर करायचा, तिची छाया इथे स्पष्ट आहे. पण हार्टमनचं लेखन आटोपशीर आणि धारदार होतं. इथे केसांच्या भागात इतर गुलाम बायकांच्या आठवणी, मालकिणींची मत्सरी कात्री, केस जपण्याची व्हिक्टोरियन रीत असं सगळं येत जातं आणि रोझ हळूहळू मागे सरकते. तिच्या जागी ‘त्या काळची कुठलीही गुलाम आई’ उभी राहते. जिचं नाव वाचवायला पुस्तक लिहिलं तीच पुन्हा ‘३४, स्त्री’ होते की काय, अशी धास्ती मधल्या प्रकरणांत वाटते.

मग परत त्या दहा ओळींकडे गेलं की बरं वाटतं. त्या ओळींतल्या ‘माझं’ या शब्दाकडे बघा. सुरुवातीला तो रूथचा आहे, माझी पणजी. मधे निरोप येतो तिथे कसलंही अवतरणचिन्ह नाही, आणि ‘माझं’ अचानक रोझचं होतं, माझं प्रेम. शेवटी पुन्हा रूथचं, माझी आजी. तीन पिढ्या एका सर्वनामात ये-जा करतात. शिवाय ॲशली माझी आजी ‘आहे’, असं रूथ वर्तमानकाळात लिहिते. दोऱ्याचे रंगही मधेच बदलतात. हे अडाणी भरतकाम नाही. कुठलं वाक्य कुठे तोडायचं हे या बाईला पक्कं कळत होतं. माइल्सनी दिलेल्या सगळ्या संदर्भांपेक्षा रूथची ही शिलाई मला जास्त बोलकी वाटते, आणि ती माझ्यापर्यंत पोचली ती माइल्सच्याच पुस्तकामुळे. हे श्रेय त्यांचंच.

या सगळ्याची तिसरी बाजू म्हणजे मालकांच्या वंशजांची. एडवर्ड बॉलचं ‘स्लेव्ह्ज इन द फॅमिली’ हे १९९८चं पुस्तक तिकडून लिहिलेलं आहे. साउथ कॅरोलिनातल्या मळेवाल्या बॉल घराण्याच्या वह्यांमधून तो आपल्या पूर्वजांच्या गुलामांचे वंशज शोधत निघाला. ते पुस्तक स्वतंत्र लेखाचं आहे. इथे एवढंच नोंदवतो की त्याला भिंत लागली नाही. वह्या त्याच्या पूर्वजांनीच लिहिल्या होत्या.

मराठी वाचकाला या काळाशी जोडणारा एक धागा आपल्याकडेच आहे. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये छापलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. त्या वर्षी फ्रीडमन्स बँक अजून चालू होती. पुण्यात अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा तिकडे कुणीतरी बँकेच्या काउंटरवर उभं राहून आपल्या विकल्या गेलेल्या भावाचं नाव लिहून घ्यायला सांगत होतं. फुल्यांनी मुक्त करणाऱ्यांचे आभार मानले. मुक्त झालेले स्वतः त्या वेळी काय करत होते, ते या वह्यांत दिसतं. ते एकमेकांना शोधत होते.

शेवटी थोडं तांत्रिक. जगभरातली वंशावळीची सॉफ्टवेअर्स ज्या फाइल फॉरमॅटमध्ये एकमेकांशी बोलतात तो ‘जेडकॉम’. तो १९८०च्या दशकात युटातल्या मॉर्मन चर्चने तयार केला. त्यात प्रत्येक पुराव्याला शून्य ते तीन असा विश्वासार्हतेचा आकडा देता येतो. शून्य म्हणजे नुसता अंदाज, तीन म्हणजे थेट प्राथमिक पुरावा. हेलीचं पुस्तक या फॉरमॅटमध्ये भरलं तर त्याने स्वतः सगळीकडे तीन टाकला असता, आणि मिल्स दांपत्याने बऱ्याच ठिकाणी तो खोडून शून्य केला असता. माइल्स बहुतेक ठिकाणी एक टाकतील, क्वचित दोन.

पण त्या फॉरमॅटच्या नियमपुस्तकात ‘एक’ या आकड्यासमोर उदाहरणं दिली आहेत ती वाचण्यासारखी आहेत. शंकास्पद पुरावा म्हणजे मुलाखती, आत्मचरित्रं, तोंडी सांगितलेली वंशावळ आणि जनगणना. १८६०चा तो बिननावाचा सरकारी तक्ता आणि आजीकडून ऐकून पिशवीवर भरलेल्या रूथच्या दहा ओळी, दोन्ही एकाच पायरीवर. फरक एवढाच की रूथच्या नोंदीत नावाचा रकाना भरलेला आहे.